चिऊनं दार उघडलं नाही, मंग ते दोस्त कसे?

पऱ्हाटीवाली (दारव्हा, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी अंगणवाडी सेविका. तीन ते सहा वर्षांची लेकरं. सध्या सोयाबीनची सोंगणी चालू आहे, त्यामुळे मायबाप सकाळीच वावरात आणि लेकरं माझ्या दारात, कधी कधी तर कुलूप उघडायच्या आधी.

या महिन्यात ‘माझे मित्र’ हा विषय होता. मी काऊ-चिऊची गोष्ट घेतली, कारण ती सगळ्यांच्या घरी सांगतात. पाऊस आला, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, चिऊचं मेणाचं घर राहिलं. काऊ दारात भिजत उभा. ‘थांब माझ्या बाळाला आंघोळ घालू दे’, ‘थांब माझ्या बाळाला तीट लावू दे’, इथपर्यंत सगळे पोट्टे माझ्याबरोबर तालात म्हणत होते. मी पुढं सरकणार तेवढ्यात पाच वर्षांची एक पोरगी म्हणाली, “बाई, चिऊनं दार उघडलं नाही, मंग ते दोस्त कसे?”

तिच्या बाजूला बसलेला म्हणे, “आमचं घर बी शेणाचंच हाय. मंग आमी काऊ काय?”

पहिल्या प्रश्नाला काहीतरी बोलता आलं असतं. दुसऱ्याला नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लेकरांची घरं कुडाची आहेत, शेणामातीनं लिंपलेली. बाकीच्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे, दोन-तीन घरांत टाइल्स. कोणाचं काय आहे हे चार वर्षांच्या लेकराला पक्कं ठाऊक असतं. जोडीनं बसा म्हटलं की जोड्या कशा पडतात ते एकदा बघा कोणी.

तर विचारायचं असं: दोस्तीसाठी ही गोष्ट ठेवू की सोडू? तुम्ही एवढ्या लहान लेकरांना दोस्तीच्या कोणत्या गोष्टी सांगता, आणि कशा? तात्पर्यवाल्या नको. त्या माझ्याकडे गठ्ठ्यानं आहेत.

---

सांबारवडी (नागपूर)

सोडून द्या ताई. माझी आई सांगायची त्यात तर चिऊ काऊला गरम तव्यावर बसवते आणि त्याची शेपटी भाजते. झोपताना लेकराला हे ऐकवायचं? माझी पोरगी चार वर्षांची आहे, तिला मी सरळ छान छान गोष्टी सांगते. ससा आणि खारुताई दोस्त होते, दोघांनी मिळून गाजर खाल्लं, संपलं.

---

वर्धेकाठचा (आर्वी)

सांबारवडीताई, राग मानू नका, पण ‘दोघांनी मिळून गाजर खाल्लं, संपलं’ ही गोष्ट नाही झाली. त्यात काही घडलंच नाही. लेकरू ऐकते, मान हलवते आणि बाहेर जाऊन दुसऱ्याच्या हातातला चेंडू हिसकते. मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी शिकवतो, रोजचं आहे हे.

पऱ्हाटीवालीताई, गोष्ट सोडू नका. उलट त्या पोरीनं जिथं थांबवलं तिथंच थांबा. एक ओढणी घ्या, दोघांना दोन टोकं धरायला लावा, हे झालं दार. एक जण आत, एक बाहेर. बाकीचे पाऊस, हातांनी आवाज काढणारे. आता गोष्ट तुम्ही सांगायची नाही. आतल्यानं ठरवायचं, उघडायचं की नाही. मग अदलाबदल. जो आत होता तो बाहेर.

बाहेर उभं राहिलं की लेकरू वेगळं बोलते. आमच्याकडं एक दांडगट पोरगा आहे, कोणालाच घसरगुंडीवर चढू देत नाही. त्याला बाहेर उभं केलं, तर पहिल्यांदा ओरडला, मग ओढणीला लाथ मारली, आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणे, “घे नं बे आत.” यावर मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर वाया गेलं असतं.

---

रानपाखरू (अकोला)

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं वयाबद्दल. तीन वर्षांच्या मुलाला ‘तुझा मित्र कोण?’ विचारलं तर त्या क्षणी जो शेजारी बसलाय त्याचं नाव येतं. दुपारी विचारा, दुसरं नाव येईल. यात काही बिघडलेलं नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले होते. त्यात शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. एकाच मातीच्या ढिगाऱ्यावर दोघं, पण याचा रस्ता वेगळा, त्याची विहीर वेगळी. मिळून एक विहीर खणणं पुढं येतं.

समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं, हे साधारण चार-पाच वर्षांपासून नीट कळायला लागतं. म्हणून ‘काऊला कसं वाटलं असेल?’ हा प्रश्न तीन वर्षांच्याला विचारून उपयोग नाही. त्याला विचारा, ‘काऊ काय करतोय?’ तो भिजतोय. ‘आता काय करू या?’ त्याला ओढणी देऊ या. एवढं पुरे. पाच वर्षांच्याला मात्र विचारा की चिऊला काय वाटत होतं. कारण चिऊची बाजूसुद्धा आहेच. घरात लहान बाळ आहे, बाहेर वादळ आहे, दारात मोठा पक्षी आहे. कावळे चिमण्यांची पिल्लं पळवतात, हे तुमच्या गावातल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि एक. भांडणानंतर ‘सॉरी म्हण’ असा धोशा लावू नका. तो शब्द म्हटला की सुटका होते, एवढंच मूल शिकतं.

---

अचलपूरचे गुरुजी

ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे, म्हणून ती सोडण्याची भाषा ऐकून लिहायला बसलो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या लीळाचरित्रात ही गोष्ट आहे. तिथं चिऊच्या जागी साळई आहे, पण घरं तीच, एक शेणाचं आणि एक मेणाचं. रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही, मोर्शी तालुक्यात. सातशे वर्षांहून जुनी गोष्ट आजही लेकरांना प्रश्न पाडते म्हणजे ती धडधाकट आहे.

आता दाराबद्दल. पंचतंत्रातलं दुसरं तंत्र मित्रसंप्राप्ती. त्यातही एक कावळा आहे, लघुपतनक. तोही एका बंद दारापुढंच उभा आहे. आत हिरण्यक नावाचा उंदीर. कावळ्यानं पाहिलेलं असतं की कबुतरांचा अख्खा थवा जाळ्यासकट उडत आला आणि या उंदरानं दातांनी जाळं कुरतडून सगळ्यांना सोडवलं. कावळ्याला वाटतं, असा दोस्त आपल्याला हवा. तो बिळाशी जाऊन हाक मारतो. उंदीर आतूनच विचारतो, कोण? कावळा म्हटल्यावर साफ सांगतो, चालता हो. तू खाणारा, मी तुझा घास, आपली कसली मैत्री?

आणि कावळा जात नाही. बिळाच्या तोंडाशी बसून राहतो. म्हणतो, मैत्री केली नाहीस तर इथंच प्राण सोडीन. पुष्कळ बोलणं होतं. शेवटी उंदीर तयार होतो, पण आधी अंतर राखूनच. हळूहळू दोघं एकमेकांना खाऊ आणून द्यायला लागतात आणि मग भीती जाते. माझ्या मते लेकरांना सांगण्यासारखा भाग हा आहे. सिंहाला उंदरानं सोडवलं हा प्रसंग मोठा असतो, एकदाच घडतो. रोज थोडं थोडं आणून देणं हे लेकरांच्या आवाक्यातलं आहे. तिथंच एक श्लोक येतो, त्यात स्नेहाच्या सहा खुणा सांगितल्यात: देणं, घेणं, गुपित सांगणं, गुपित विचारणं, खाणं आणि खाऊ घालणं. ताई, तुमच्या अंगणवाडीत यातल्या किती खुणा दिसतात ते खिचडीच्या वेळी मोजा.

म्हणजे काऊ-चिऊ सांगून झाली की आठवड्यानं ही सांगा. मधे जोडायला काही बोलू नका. कावळा तोच आहे हे लेकरं स्वतः म्हणतील.

---

तर्कट

मेणाच्या घराचा विदर्भात काय टिकाव लागणार ते सांगा. मे महिन्यात पारा ४५च्या वर.

---

सांबारवडी

झालं सुरू याचं.

---

तर्कट

विनोद नाही करत. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे नुसत्या हवेनं वितळणार नाही हे मान्य. पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. त्यात उन्हात तापलेलं छप्पर हवेपेक्षा जास्त तापतं. चिऊचं घर पावसात टिकेल, वैशाखात बसेल. आणि शेणामातीचं घर उन्हाळ्यात थंड राहतं हे इथं कोणाला सांगायला नको. गोष्ट अर्धीच सांगितली जातेय, एवढंच म्हणणं.

---

पऱ्हाटीवाली

तर्कटभाऊ, तुमचे हात कुठायत, जोडते!

सगळ्यांचे आभार, पण आधी हे सांगते. ओढणीचं दार केलं. पहिल्या दिवशी नुसता दंगा झाला, पाऊस झालेल्या पोट्ट्यांनी मदतनीसताईंच्या तांदळाच्या डब्यावर पाऊस पाडला. दुसऱ्या दिवशी मी मध्येच विचारलं, “पावसाळा संपला, हिवाळा संपला. उनाळा आला. आता कोनाच्या घराचं काय होते?”

ज्यानं ‘मंग आमी काऊ काय’ विचारलं होतं तोच उठून उभा राहिला. “मेन पघळते नं बाई! आमच्या घरची मेनबत्ती वाकली होती उनाळ्यात, देवाजवळची.” हातानं वाकून दाखवलं त्यानं, कशी वाकली होती ती. मग सगळ्यांना आपापल्या घरचं आठवलं. कोणाची बादली वाकडी झाली, कोणाच्या बापाची चप्पल चिकटली डांबराला. बराच वेळ गोष्ट बाजूलाच राहिली. मी राहू दिली.

मग चिऊ पिल्लू घेऊन काऊच्या दाराशी आली. काऊनं नवीन घर लिंपलेलं, आत थंडगार. चिऊ म्हणते, काऊदादा दार उघड. आता काऊ काय म्हणेल?

सगळा वर्ग एका आवाजात: “थांब, माया लेकराले आंघोळ घालतो!”

हसून हसून लोळले. मलाही हसू आलं. पण आता पुढं काय करू ते सांगा. त्यांना काऊनं बदला घ्यायलाच हवाय. रोज तेच. चिऊला बाहेर ठेवतात, तीट लावतात, जेवू घालतात, झोपवतात, आणि चिऊ उन्हात. दार उघडायला कोणी तयार नाही.

---

सांबारवडी

बघा, म्हणूनच म्हणत होते. आपण बदला घ्यायला शिकवतोय. इथं मोठ्यानं सांगायला हवं की नाही, काऊ चांगला आहे, तो लगेच दार उघडतो.

---

रानपाखरू

उघडू द्या त्यांनाच. मुलांना आधी हिशेब बरोबर करायचा असतो, या वयात न्याय म्हणजे तुझं एक माझं एक. तो खेळात पूर्ण झाला की पुढं जातात. घाई केली तर तुमच्यासमोर ‘उघडलं’ म्हणतील आणि घसरगुंडीवर हिशेब पूर्ण करतील. फक्त एवढं बघा की चिऊची पाळी सगळ्यांवर येतेय. एकाच मुलीला रोज चिऊ करून उन्हात ठेवत असतील तर तो खेळ राहिला नाही. तिथं तुम्ही मध्ये पडायचं.

---

वर्धेकाठचा

पटलं. आणि काऊच्या घराबद्दल बोलत राहा ताई. लिंपायला कोण आलं, पांढरी माती कुठून आणली, दाराशी काय काढलं. शेणाचं घर म्हणजे बिचारं घर, हे गोष्टीतून काढून टाकायचं असेल तर ‘शेणाचं घरही चांगलं असतं हं’ असं बोलून निघत नाही. ते घर कसं बांधतात हे त्या पोरालाच सांगू द्या, त्याला येत असेल सगळं. स्लॅबवाल्यांना नाही येणार.

---

सेमाडोहकर (मेळघाट)

इथं कोरकू गावांत पोरांसोबत काम करतो. माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूनं.

गोष्ट कितीही चांगली असली तरी घरच्या भाषेत नसली तर ती पोरासाठी फक्त हातवारे असतात. नवीन पोरगं गप्प बसते आणि आपण समजतो बुजरं आहे, मित्र करत नाही. तसं नसते. घरी कोरकूत बोलायला लागलं की थांबत नाही. आम्ही गावातल्या एका आजीला बोलावतो. ती कोरकूत सांगते, मी मराठीत नाही सांगत, फक्त चित्रं काढतो फळ्यावर. मग ज्याला दोन्ही भाषा थोड्या येतात असं एखादं पोरगं आपोआप मधे उभं राहून याचं त्याला, त्याचं याला सांगत बसते. सगळ्यांना ते हवं असते. तेच मग साऱ्यांचं दोस्त.

दुसरी गोष्ट. होळी झाली की इथली बरीच कुटुंबं कामाला बाहेर पडतात, पोरं घेऊन. वर्ग अर्धा होतो. मागं राहिलेलं पोरगं रिकाम्या जागेकडं बघून विचारते, तो कुठी गेला? तुमच्या गोष्टींतले दोस्त कायम एकाच झाडाखाली राहतात. आम्हाला अशी गोष्ट लागते ज्यात एक जण जातो आणि पावसाळ्यात परत येतो. मी एक केली आहे, एका खंड्याची आणि बेडकाची. उन्हाळ्यात नाला आटतो, खंड्या पाणी शोधत दूर जातो, बेडूक चिखलात खाली जाऊन बसतो. दोघांनाही माहीत नाही दुसरा कुठं आहे. पाऊस पडतो, बेडूक वर येऊन ओरडतो, खंड्या आवाजावर येतो. एवढीच आहे. बेडूक खरंच असा जमिनीखाली राहतो, पोरांनी खणताना पाहिलेला असतो, त्यामुळे पटते.

एकानं विचारलं, खंड्या बेडकाला खात नाही काय? मी म्हटलं, खातो. मग म्हणे, हा नाही खात. ठीक आहे.

---

अचलपूरचे गुरुजी

तुमच्या त्या पोरानं हिरण्यकाचाच प्रश्न विचारला, सेमाडोहकर. खाणारा आणि घास.

---

मोहफूल (देवरी, गोंदिया)

वाचत होते, राहवलं नाही. माझं माहेर राजनांदगावकडचं. तिकडं छत्तीसगडात दोस्ती नुसती होत नाही, ती बदतात. श्रावणात टोपलीत गहू पेरून भोजली उगवतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सोडतात, आणि त्यातले तुरे दोघी मैत्रिणी एकमेकींच्या कानावर खोचतात. त्या दिवसापासून एकमेकींना नावानं हाक नाही मारायची, भोजली म्हणायचं. माझ्या आईची भोजली दुसऱ्या जातीची होती. घरच्या लग्नाकार्यात तिचा मान सख्ख्या बहिणीसारखा. आम्ही तिला कधी नावानं ओळखलंच नाही.

मी बालवाडीत हे गोष्ट म्हणून सांगते आणि मग वाटीत गहू पेरतो. दोघांत एक वाटी. एकानं पाणी घालायचं विसरलं तर दुसऱ्यानं घालायचं. जोड्या मी लावते, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे ताई तुम्ही म्हणता तसं स्लॅबवाले स्लॅबवाल्यांकडं सरकत नाहीत. गव्हाला हप्ताभर पुरतो. तेवढे दिवस ती दोघं रोज वाटीवर वाकलेली असतात. भांडतात बी. एकीनं दुसरीच्या बाजूचे कोंब उपटले होते, तिच्या बाजूनं जास्त उगवले म्हणून.

---

मुक्काम पुणे

मूळ कारंजा लाडचा. मुलगा तीन वर्षांचा. दिवाळीत गावी नेतो तेव्हा तो चुलतभावंडांत बसतच नाही. त्यांचं ‘मले-तुले’ त्याला कळत नाही आणि याच्या बोलण्याला ती हसतात. आईच्या मागं लपतो. यंदा चार दिवसच आहेत. गोष्टीनं काही होईल का? की हे चार दिवसांत होणारं काम नाही?

---

पऱ्हाटीवाली

मुक्काम पुणे, दादा, चार दिवसांत दोस्ती होईल का ते नाही सांगत, पण चार दिवस बरे जातील असं करता येईल. तुमच्या आईला आतापासून फोनवर रोज एक गोष्ट सांगायला लावा, वऱ्हाडीतच. एकच गोष्ट रोज, तीच ती. छोटी, ज्यात एखादी ओळ परत परत येते. तो ओळ म्हणायला शिकला की झालं. गावी गेल्यावर तीच ओळ चुलतभावंडं म्हणतील, त्यांनाही आजीनं तीच सांगितलेली असते. ‘जा, त्यांच्यात खेळ’ म्हणून ढकलू नका. रानपाखरूताईंनी सांगितलं तसं शेजारी बसून आपापलं खेळू द्या, हाताशी माती आणि दोन डबे द्या फक्त.

मोहफूलताई, वाट्या उद्यापासून. आमच्याकडे सध्या भुलाबाईचे दिवस आहेत, कोजागिरीपर्यंत. मोठ्या पोरी घरोघरी जातात गाणी म्हणत, आणि शेवटी खिरापत ओळखायची असते, डबा वाजवून. मी ते अंगणवाडीत आणलं. दोघांनी मिळून डब्यात काहीतरी लपवायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. दोघांत एक गुपित. गुरुजींच्या सहा खुणांपैकी दोन तिथंच दिसल्या, कारण एकानं लगेच फोडलं आणि दुसऱ्यानं त्याच्याशी कट्टी केली. खिचडीपर्यंत टिकली ती कट्टी.

आता काऊच्या दाराचं. काल उघडलं. रागात असलेल्यांनी नाही, पाऊस होणाऱ्यांपैकी एकानं. म्हणे, चिऊचं पिल्लू रडून रायलं. काऊ झालेली पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “ये आत. पन आमच्या घरी पाय धून यायचं, सारवेल हाय.” चिऊनं पाय धुतले, खोटे खोटे, बराच वेळ.

सांबारवडीताई, तव्याचा शेवट मी अजून सांगितलेला नाही, तुमच्या काळजीसाठी. कोणाच्या आजीनं घरी सांगितला तर येईलच.

---

सांबारवडी

ते पाय धुण्याचं वाचून मी हसले एकटीच स्वयंपाकघरात. काल आमच्या ससा-खारुताईचंही भांडण लावून पाहिलं. पोरगी म्हणते, गाजर खारुताईनं एकटीनंच खाल्लं, आणि ती बरोबर होती. आता उद्या काय करू?

---

वर्धेकाठचा

उद्या सशाला विचारा.

---

पऱ्हाटीवाली

गुरुजी, तुम्ही म्हणता तशी कावळा-उंदराची पुढच्या आठवड्यात घेते. पण त्यातला पुढचा भाग, कासव पकडलं जातं आणि हरीण मेल्याचं सोंग घेतं तो, मला नीट सांगता येत नाही, मधले धागे सुटतात. सोप्यात लिहून द्याल का?

---

अचलपूरचे गुरुजी

रविवारी लिहितो. पुस्तकी मराठीत की वऱ्हाडीत? आणि नावं सोपी करू का? हिरण्यक, मंथरक, चित्रांग, लघुपतनक ही तीन वर्षांच्या तोंडाला जड आहेत.

---

पऱ्हाटीवाली

वऱ्हाडीत. नावं आहेत तशीच ठेवा. जड नावं त्यांना लई आवडतात, लघुपतनक तर दिवसभर ओरडत फिरतील.